‘लगेच अपडेट करा’ हा सल्ला आमच्या डब्याला लागू नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर मागच्या आठवड्यात एक लेख आला होता, की मोबाइल असो, लॅपटॉप असो नाहीतर वायफायचा राउटर, अपडेटचा मेसेज दिसला रे दिसला की बटण दाबा, पुढे ढकलू नका, नवं ते सुरक्षित, नाहीतर हॅकर घुसतील. लेख चांगला होता. ज्या फोनवर बँकेचं अॅप आहे त्याला हा सल्ला शंभर टक्के बरोबर, त्यात वादच नाही. पण शेवटी लेखकाने ‘कुठलंही उपकरण याला अपवाद नाही’ असं एक वाक्य ठोकून दिलंय आणि तिथे मी अडलो. कारण माझ्या टेबलावर असा एक डबा, म्हणजे घरगुती टीव्ही ट्रान्समीटर, आहे ज्याला मी हाच सल्ला इमानदारीत लागू केला आणि चार लोकांत हसं करून घेतलं, म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी हॅम आहे, म्हणजे परवाना असलेला हौशी रेडिओवाला. हॅम म्हटलं की लोकांना माइकवर बोलणारा नाहीतर मोर्सची किल्ली बडवणारा माणूस आठवतो, पण आमच्यातली एक छोटी जमात स्वतःचं चित्र हवेतून पाठवते. कॅमेऱ्यासमोर बसायचं, घरी जोडलेल्या ट्रान्समीटरवरून सिग्नल सोडायचा आणि पलीकडचा परवानाधारक त्याच्या रिसीव्हरवर तुम्हाला बघतो. टीव्ही चॅनल चालवतो असं मात्र समजू नका, जनतेसाठी कार्यक्रम प्रसारित करायची आम्हाला मुभा नसते, आपापसातला संपर्क तेवढा. आणि हे काही कालपरवाचं खूळ नाही, ब्रिटनमधला अमॅच्युअर टेलिव्हिजन क्लब १९४९ सालचा आहे.

पूर्वी सगळं अॅनालॉग होतं. एफएम टीव्हीचा एक सिग्नल सोळा-वीस मेगाहर्ट्झ जागा खायचा, चित्रात मुंग्या आल्या की अँटेना हलवायची, फ्रिक्वेन्सी सरकली की स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रिमर फिरवायचा. त्या डब्याला कधी अपडेट आलं नाही. तो जसा बनवला तसाच दहा वर्षांनी असायचा, फारतर कपॅसिटर सुकलेला.

आता डिजिटल. सॅटेलाइटवरून चॅनल येतात त्याच डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२ या पद्धती आम्ही वापरतो, फक्त खूप हळू आणि खूप अरुंद. एक रास्पबेरी पाय म्हणजे हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, त्याला एक एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) बोर्ड, लाइमएसडीआर मिनी किंवा प्लूटो नावाचा, आणि एक कॅमेरा. बाकी सगळं प्रोग्रॅम करतो. चित्र दाबून लहान करणं, ते १८८ बाइटच्या पाकिटांत भरणं, वाटेत चुका झाल्या तर दुरुस्त करता याव्यात म्हणून जादाचे बिट घालणं, मग ते बिट लाटेच्या फेजमध्ये बसवणं, फेजचा एकेक टप्पा म्हणजे एक सिंबल. सेकंदाला ३३३ हजार सिंबल, प्रत्येक सिंबलमध्ये दोन बिट, त्यातला पाऊण हिस्सा कामाचा, म्हणजे चित्र आणि आवाज मिळून जेमतेम अर्धा मेगाबिट. तेवढ्यात समोरच्याचा चेहरा स्वच्छ ओळखू येतो, मागच्या कपाटावरची धूळपण दिसते. आणि जागा किती लागते, तर फारतर साडेचारशे किलोहर्ट्झ! जुन्या एफएम टीव्हीच्या एका सिग्नलच्या जागेत आज तीसएक स्टेशनं मावतील.

सांगायचा मुद्दा असा की या साखळीत सोल्डर केलेलं असं फार थोडं उरलंय. सिग्नल किती रुंद जाणार, कडा किती तीव्र उतरणार, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जाणार, सिग्नलचा जोर वाढवणारा पॉवर अँप्लिफायर (पीए) कधी चालू होणार, हे सगळं प्रोग्रॅम ठरवतो, त्यामुळे प्रोग्रॅम बदलला की ट्रान्समीटर बदलला, भले डब्याचा एक स्क्रूही हलला नसेल. फोनचं अपडेट फसलं तर तुमचा फोन बसतो. आमचं फसलं तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर शांतपणे बोलणाऱ्या माणसाचा संपर्क बसतो, आणि त्याचा जाब प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही, परवाना ज्याच्या नावावर त्याला विचारतात.

आता माझी फजिती. सकाळचा ठरलेला संपर्क होता, आम्ही पाचजण, आळीपाळीने चित्र पाठवायचं आणि बोलण्यासाठी बाजूला एक साधा आवाजाचा चॅनल चालू. चाळीस मिनिटं हातात होती. टचस्क्रीनवर ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ असं आलं, मी म्हणलं वेळ आहे तर करून टाकू. दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावल्या, डबा आपोआप रीस्टार्ट झाला, मेनू नेहमीसारखा आला, वर नवा आवृत्ती क्रमांक, एकही एरर नाही. मनात म्हणलं बघा, किती सोपं. माझा नंबर आला, ट्रान्समिट दाबलं, लाल पट्टी लागली, मी कॅमेऱ्याकडे बघून छान हसून नमस्कार केला, अँटेना नव्याने कशी बसवली वगैरे दोन मिनिटं बोललो. आणि बाजूच्या चॅनलवर आधी शांतता, मग एकजण, “अरे चित्र झकास येतंय, पण हे रंगीत पट्टे कोणाचे? आणि नाव कुठलं लावलंयस?”

झालं असं होतं, की अपडेटने जुनी सेटिंगची फाइल बाजूला सारून नवी कोरी टाकली होती. कॅमेरा गेला, त्याजागी टेस्ट कार्ड, म्हणजे रंगीत पट्ट्यांचं चाचणीचं चित्र. स्टेशनचं नाव म्हणून पाकिटांबरोबर माझा कॉलसाइन (परवान्यावरची ओळख) जातो तो पुसला गेला आणि तिथे प्रोग्रॅममध्ये मुळात भरून ठेवलेलं नमुन्याचं नाव आलं. म्हणजे दोन मिनिटं मी अनामिक रंगीत पट्टे प्रसारित करत होतो. हसण्यावारी गेलं, पण कॉलसाइन न देता हवेत असणं ही हसण्यासारखी गोष्ट नाही, ओळख देणं ही आमच्याकडची पहिली अट.

आणि खरी गडबड ती नव्हतीच. ती कोणाला दिसली नाही, मलाही नाही, तिसरा दिवस उजाडल्यावर कळली. रोल-ऑफ म्हणून एक आकडा असतो, सिग्नलच्या कडा किती उताराने खाली येणार ते त्याने ठरतं. डीव्हीबी-एस२ मध्ये तो ०.३५, ०.२५ किंवा ०.२० ठेवता येतो. मी ०.२० वर ठेवला होता, म्हणजे ३३३ गुणिले १.२, चारशे किलोहर्ट्झ. नव्या फाइलने तो गुपचूप ०.३५ केला, झाले साडेचारशे. पन्नास किलोहर्ट्झ काय मोठं असं वाटेल, पण आम्ही बँड वाटून घेताना एकमेकांना चिकटून बसतो, आणि त्या पन्नासातले अर्धे एका बाजूच्या माणसाच्या ताटात गेले. त्याने सभ्यपणे विचारलं, “हल्ली जरा पसरलायस का?” मी छातीठोकपणे म्हणलं छे, मी तर काहीच बदललं नाही. आणि मला खरंच तसं वाटत होतं!

अपडेटबरोबरच्या टिपेत काय लिहिलं होतं माहितीये? ‘किरकोळ सुधारणा.’ बस, दोन शब्द.

आता हे प्रोग्रॅम लिहिणारे लोक फुकट काम करतात याची मला जाणीव आहे, नोकरी-संसार सांभाळून रात्री बसून लिहितात, त्यांच्यावर डाफरणं म्हणजे आयत्या पंगतीत बसून मीठ कमी म्हणण्यासारखं आहे. पण तरी म्हणतो. नवं बटण कुठल्या रंगाचं केलं हे एकवेळ लिहू नका, पण जो बदल अँटेनातून बाहेर पडतो तो स्वतंत्र ओळीत लिहा. सिंबल रेट, रोल-ऑफ, पॉवरची पातळी, पीए चालू होण्याची वेळ. एवढ्या चार गोष्टींना हात लावला असेल तर ठळक सांगा, नसेल लावला तर तेही सांगा.

पीएचं जरा खोलात सांगतो कारण यात पैसे जळतात. काही एसडीआर बोर्डांची चिप ट्रान्समिट सुरू करताना आधी स्वतःचं कॅलिब्रेशन करते, म्हणजे स्वतःला जुळवून घेते. ते होताना क्षणभर बोर्डाच्या तोंडातून एक बऱ्यापैकी जोरदार लाट बाहेर पडते, चित्रबित्र काही नाही, नुसती शीळ. त्यामुळे चांगल्या प्रोग्रॅममध्ये क्रम असा असतो की आधी बोर्ड कॅलिब्रेट होणार, स्थिर होणार, आणि मगच पीएला वीज देणारा रिले खट्ट करणार. हा सगळा खेळ एका वेळेच्या आकड्यावर चालतो. कोणी कोड नीटनेटका करताना तो आकडा कमी केला, किंवा नव्या लायब्ररीत (प्रोग्रॅम वापरतो त्या तयार कोडमध्ये) कॅलिब्रेशनलाच जास्त वेळ लागायला लागला, की रिले आधी लागतो आणि ती शीळ पीएमधून मोठी होऊन अँटेनावर. शेजाऱ्यांना त्रास तो वेगळाच, पीएचा ट्रान्झिस्टर एखाद दिवशी राम म्हणतो. माझा नाही गेला, पण खट्ट आवाज आणि पॉवर मीटरच्या काट्याची उडी यांचा क्रम उलटा झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हा डमी लोड लावलेला होता म्हणून वाचलो. डमी लोड म्हणजे पन्नास ओहमचा एक जाडजूड रेझिस्टर, अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर तिथल्या तिथे गरम होऊन जिरते, हवेत काही जात नाही.

बोर्डाच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेला प्रोग्रॅम, ही तर आणखी वेगळी भानगड. पायवरचा प्रोग्रॅम, बोर्डाची लायब्ररी आणि बोर्डावरच्या एफपीजीए नावाच्या चिपची जोडणी ठरवणारं गेटवेअर, या तिघांचं एकमेकांशी पटावं लागतं, एकाला पुढे नेलं आणि दुसरा मागे राहिला की बोर्ड सापडतो पण बोलत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे बोलतो पण सिग्नल घाण. प्लूटोचं फ्लॅश करणं दिसायला एकदम सोपं आहे, तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फर्मवेअरची फाइल कॉपी करायची, इजेक्ट करायचं, त्याचा दिवा भराभर लुकलुकायला लागतो आणि काही मिनिटं लुकलुकतच राहतो. त्या वेळात हात पाठीमागे बांधून बसायचं. केबल काढायची नाही, हलवायची नाही, ‘अडकलंय वाटतं’ असं तर अजिबात म्हणायचं नाही! माझ्याकडच्या एका एसडीआरची केबल अशाच वेळी कोपर लागून सुटली आणि तो मेल्यासारखा झाला. सुदैवाने अशा डब्यांना बहुतेक एक लपलेलं बटण असतं, ते टाचणीने दाबून धरून यूएसबी जोडली की रिकव्हरी मोड येतो, जिवंत झाला. पण आदल्या रात्रीची माझी झोप गेली ती गेलीच.

आणि जिवंत झाल्यावर? फ्रिक्वेन्सीची दुरुस्ती पुसलेली. स्वस्तातल्या काही एसडीआरमध्ये क्रिस्टल २५ पीपीएमचा असतो, दहा लाखांत पंचवीसची चूक, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झवर साठ किलोहर्ट्झपर्यंत इकडेतिकडे. प्रत्येक बोर्डाची खोड वेगळी, ती एकदा मोजून आत लिहून ठेवायची असते. ३३ किलोसिंबलचा बारीक सिग्नल अख्खा पंचेचाळीस किलोहर्ट्झ रुंद, आणि चूक साठची, म्हणजे सिग्नल स्वतःच्या जागेवर नाहीच, पूर्ण शेजारच्या घरात. समोरचा बिचारा रिसीव्हर फिरवत बसतो आणि तुम्ही म्हणता त्याचीच डिश हललीये.

ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल लिहायला गेलो तर तुमचं पान भरेल, पण एक सांगतो. रास्पबेरी पायची बुल्सआय नावाची सिस्टिम २०२१ मध्ये आली तेव्हा कॅमेऱ्याची जुनी पद्धत बाजूला ठेवून नवी लिबकॅमेरा आणली. जगाच्या दृष्टीने ती सुधारणाच. पण ज्यांचे टीव्ही ट्रान्समीटर जुन्या पद्धतीवर बेतलेले, त्यांनी उत्साहात सगळी सिस्टिम पुढे नेली तर कॅमेरा आंधळा. पाय ५ तर आणखी मजेशीर, आधीच्यापेक्षा खूप ताकदवान, पण त्यात एच.२६४ या पद्धतीने चित्र दाबणारं हार्डवेअर काढूनच टाकलंय. पाय ४ मध्ये ते होतं आणि आमच्यासारख्यांचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा होता. म्हणजे नवं घेतलं, ताजं अपडेट केलं, आणि जे काम जुना चिमुकला बोर्ड घाम न गाळता करत होता ते इथे मुख्य प्रोसेसरला राबवून करून घ्यावं लागतं. तुमच्या लेखातलं ‘नवं ते सुरक्षित’ इथे कसं बसवायचं सांगा.

रिसीव्हरकडेही सुख नाही. बरेच घरगुती रिसीव्हर यूएसबीच्या एका छोट्या चिपमधून कॉम्प्युटरशी बोलतात. २०१४ साली अशाच एका चिपच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर आपोआप अपडेटमधून लोकांच्या मशीनवर उतरला आणि नकली चिपा ओळखून त्यांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकायला लागला, की कॉम्प्युटरला ती वस्तू दिसणारच नाही. नकली माल विकणाऱ्याचं काही गेलं नाही, ज्याने अस्सल समजून घेतलं त्याचं उपकरण मेलं. बोंबाबोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला. पण ‘आपोआप’ हा शब्द दिसला की मला अजून ते आठवतं.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल हा माणूस अपडेटच्या विरोधात आहे. मुळीच नाही हो. डीव्हीबी-एस२ आमच्यापर्यंत आलं ते कसं? बोर्ड तेच, केबल तीच, फक्त नवं सॉफ्टवेअर, आणि तेवढ्याच जागेत तीसएक टक्के जास्त माल जायला लागला. अॅनालॉगच्या जमान्यात असं काही हवं असेल तर नवा ट्रान्समीटर बांधायला लागायचा. कतारच्या एस-हेल-२ या उपग्रहावर हौशी लोकांसाठी जो भाग आहे, ज्याला आम्ही क्यूओ-१०० म्हणतो, तो नोव्हेंबर २०१८ मध्ये वर गेला, तिथे टीव्हीसाठी चक्क आठ मेगाहर्ट्झ मोकळे ठेवलेत, आणि तिथे जाऊ पाहणाऱ्या हौशींचे डबे नव्या अपडेटमुळेच तयार झाले. त्याच उपग्रहाने मला तपासायची सवयही लावली. तिथे एक बीकन, म्हणजे खुणेचा सिग्नल, सतत चालू असतो, १.५ मेगासिंबलचा, आणि शिस्त अशी की आपला सिग्नल त्याच्यापेक्षा वर जाता कामा नये. स्पेक्ट्रम, म्हणजे कोणाचा सिग्नल किती उंच ते दाखवणारा आलेख, सगळ्यांना दिसतो, अपडेटने पॉवरचा आकडा वाढवला असेल तर तुमचा डोंगर बीकनपेक्षा उंच दिसतो आणि जगभरातले लोक बघतात. लाज ही फार चांगली मोजपट्टी आहे.

आता मी काय करतो, तर संपर्काच्या आठवड्यात अपडेटला हातच लावत नाही. डब्याची सगळी सिस्टिम एसडी कार्डावर असते, माझ्याकडे अशी दोन कार्डं आहेत, एकावर निळ्या पेनाने तारीख, दुसऱ्यावर लाल पेनाने ‘चालतंय, हात लावू नये’. अपडेट नेहमी निळ्यावर. सेटिंगच्या फाइलची कॉपी आधी काढून ठेवायची आणि नंतर दोन्ही फाइल शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ बघायची, कंटाळवाणं आहे पण रोल-ऑफवाला प्रकार मला त्यातच सापडला होता. मग डमी लोड लावून दहा मिनिटं ट्रान्समिट, स्वतःच्याच दुसऱ्या रिसीव्हरवर बघायचं, नाव माझंच जातंय ना, रुंदी तेवढीच आहे ना, एमईआर म्हणजे सिग्नलची स्वच्छता मोजणारा आकडा कालच्याएवढा आहे ना. रिले आणि मीटरचा क्रम कानाने आणि डोळ्याने. एक आठवडा निळं कार्ड नीट चाललं की त्याची कॉपी लाल कार्डावर. कधी अर्धा दिवस जातो. कधी अपडेट टाकून देतो आणि पुढच्याची वाट बघतो, काही आभाळ कोसळत नाही. ज्या डब्याला इंटरनेट लागतं ते फक्त अपडेट उतरवण्यापुरतं, त्याची बाकी वेळ केबल काढून ठेवली तर लेखातली हॅकरची भीतीही बरीचशी उरत नाही, हे तुमच्या लेखकाला सुचलं नसावं, कारण त्यांच्या डोळ्यासमोर फोनच होता.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी त्या पानावर अपडेटच्या आधी पूर्ण कार्डाचा किंवा डिस्कचा बॅकअप कसा घ्यायचा आणि तो परत कसा चढवायचा यावर लिहा. बॅकअप घेतला असं म्हणणारे खूप भेटतात, परत चढवून बघितलाय का विचारलं की जमिनीकडे बघतात. आणि ते ‘कुठलंही उपकरण अपवाद नाही’ हे वाक्य जमल्यास मागे घ्या.

आपला,
एक हौशी टीव्हीवाला वाचक

ता. क. हे लिहीत असताना स्क्रीनवर पुन्हा ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ आलंय. टीप उघडून बघितली, ‘किरकोळ सुधारणा’. परवा संपर्क आहे, निळं कार्ड त्यानंतर काढेन.